मी दिलेलं आडनाव

ओले काजू सोलताना आधी हाताला तेल लावून घ्यायचं असतं, हे मला दर वर्षी ठाऊक असतं आणि दर वर्षी मी विसरते. यंदाही विसरले. शेजारच्या वहिनींचं माहेर आजऱ्याचं. मार्च लागला की त्यांचा भाऊ एस.टी.तून एक पिशवी पाठवतो आणि त्यातले पसाभर काजू आमच्या घरी येतात. ओट्याशी उभी राहून सोलायला घेतले. सात-आठ झाले असतील नसतील, बोटांची टोकं चुरचुरू लागली. संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर तपकिरी डाग पडले. आता कातडी निघेपर्यंत ते राहणार.

डागांचं मला काही वाटत नाही. वासाचं वाटतं. ओल्या काजूच्या चिकाला एक तुरट, घसा धरणारा वास असतो. त्याच्यामागे, नाकाला जरा उशिरा कळणारा, झाडाखाली पडून आंबू लागलेल्या बोंडांचा गोडसर वास. त्या एका हंगामात दोन महिने मी तो वास अंगावर घेऊन हिंडत होते. कपडे धुतले तरी जात नव्हता. तेव्हा वाटायचं, काय छान वास आहे. आता तो आला की मी खिडकी उघडते.

आमची झाडांवर घरं बांधून देणारी कंपनी होती. हे कुणालाही सांगितलं की आधी हसू येतं, मग प्रश्न येतात. नव्वदीच्या शेवटी शेवटी माझ्या चुलतभावाने कोल्हापूरला कळंब्याच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये बागेतल्या बाकांचा, झोपाळ्यांचा कारखाना काढला होता. जिल्ह्यात फार्महाऊसं उठू लागली होती. कुणीतरी त्याला विचारलं, नातवंडांसाठी झाडावर खोली करून देता का? त्याने हो म्हटलं आणि नकाशे काढायला मला बोलावलं. मी नुकतीच शिकून बाहेर पडले होते. माहितीपत्रकावर त्याचं नाव मालक म्हणून, माझं रचनाकार म्हणून. घरं मात्र दोन माणसं बांधायची.

एक बापू सुतार. साठीला टेकलेले, कानामागे पेन्सिल, तोंडात तंबाखू, आणि दोन लाकडं अशी सांधायचे की नखाला फट लागत नसे. दुसरे दिनकर कांबळे, नेसरीचे, पस्तिशीचे. आधी कंत्राटदाराकडे विजेच्या तारांखालच्या फांद्या तोडायचं काम करत. दहा वर्षं फांद्या तोडता तोडता त्यांना फांद्या कळायला लागल्या होत्या. कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर टकटक करत झाडाभोवती फिरायचे, कान लावायचे, मग अनवाणी वर चढायचे. अर्ध्या तासाने वरून आवाज यायचा, "ह्यो फांदा पोकळ हाय मॅडम. दुसरा धरा."

मी खालून नकाशा हलवायचे. "अहो, पण माझ्या नकाशात खांब तिथंच आहे."

"कागदावरचं झाड गप बसतंय. ह्ये न्हाय बसायचं."

मी नकाशा बदलायचे. तुळई आणि फांदी यांच्यामध्ये ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे घालायचे, म्हणजे साल चेपत नाही. जमिनीच्या फळ्यांना बुंध्याभोवती चार बोटं जागा सोडायची, म्हणजे झाड जाड झालं तरी गुदमरत नाही. हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले आणि पुढे लोकांना माझं म्हणून सांगितलं. बापू आणि दिनकर दिवसभर भांडायचे. "सुतारानं झाडाला हात लावायचा न्हाय," असं एकाचं. "तोडणाऱ्यानं बांधायचं शिकवायचं न्हाय," असं दुसऱ्याचं. आणि चार वाजता शेडच्या दारात एकाच किटलीतला चहा पीत बसायचे.

त्या वर्षी आजऱ्याच्या अलीकडे, नेसरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या एका काजूच्या बागेत काम मिळालं. बागेच्या मधोमध रायवळ आंबा होता, बैलगाडी फिरून जाईल एवढ्या सावलीचा. मालक पुण्यात. घरात त्यांची आई होती, सगळे तिला आक्का म्हणायचे, आणि एक सून. मे महिन्यात नातवंडं यायची होती. त्याआधी आंब्यावर घर उभं राहायला हवं होतं. मुक्काम तिथेच, जेवण आक्कांच्या घरी.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं ओसरीत बसलो होतो. सून तांब्या आणि तीन पेले घेऊन आली. आक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी बापूंना नाव, गाव, आडनाव विचारलं. मग दिनकरांकडे वळल्या. "आनि ह्ये पावणं कुठलं?"

दिनकरांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी बोलले.

"बापूंचेच पुतणे. दिनकर सुतार."

एवढंच. कुणी मला विचारलं नव्हतं. आदल्या रात्री काही ठरवलं नव्हतं. मी ओसरी पाहिली, आत दिसणारं देवघर पाहिलं, सुनेच्या हातातले ते तीन पेले पाहिले, आणि तोंडातून आडनाव निघून गेलं. बापूंनी चमकून माझ्याकडे पाहिलं आणि तंबाखू थुंकायला उठून गेले. दिनकरांनी उघडलेलं तोंड मिटलं. पेला घेतला. पाणी प्यायले.

हे लिहिताना वाटतं, इथे माझी बाजू मांडावी. राजारामपुरीतल्या आमच्या घरी झाडलोट करायला येणाऱ्या मावशींचा कप मागच्या खिडकीत वेगळा असायचा. कॉलेजात असताना मी त्यावरून आईशी भांडले होते, तो कप उचलून आमच्या कपांत आणून ठेवला होता, आणि दोन दिवस जेवले नव्हते. त्या भांडणाचा मला फार अभिमान होता. मी वेगळी आहे, अशी माझी खात्रीच होती. ओसरीत बसून दुसऱ्याचं आडनाव बदलताना मला वाटलं, मी त्यांना अपमानातून वाचवतेय. काम हातचं जाऊ नये म्हणून बोलले, हे मला बऱ्याच नंतर कबूल करता आलं.

त्या दिवशी बागेत जाताना दिनकर एवढंच म्हणाले, "मला इचारायचं तरी हुतं की मॅडम."

"अहो, तुमच्यासाठीच बोलले."

ते पुढे चालू लागले.

आणि मग तो सुंदर हंगाम सुरू झाला. मला वाईट वाटतं ते याचंच, की तो सुंदर होता. पहाटे काजूच्या झाडाखाली पिवळी-तांबडी बोंडं पडलेली असायची, बायका वाकून ती वेचायच्या, बी पिळून वेगळी करायच्या. वाऱ्याची दिशा बदलली की गावाकडच्या कारखान्यांतून टरफलं भाजल्याचा धूर यायचा आणि आम्ही सगळे खोकायचो. आंब्याला कैऱ्या धरत होत्या. दिनकर दोन फांद्यांच्या बेचक्यात उभे राहून दोर टाकायचे, खालून बापू लाकूड बांधायचे, आणि सागाची तुळई हळूहळू पानांत शिरायची. दुपारी आक्का घनसाळचा भात करायच्या. त्या तांदळाचा वास ओसरीपासून आंब्यापर्यंत यायचा आणि बापूंचा रंधा आपोआप थांबायचा.

आक्कांना दिनकरांचा लळा लागला. त्यांचा धाकटा मुलगा लहानपणीच गेला होता, तो असता तर एवढाच असता, असं त्या म्हणायच्या. "दिनू, आनि भात घे. सुतारकीत असली हाडं कशी टिकायची?" दिनकर खाली मान घालून जेवायचे. कधी कधी आक्का बापूंना म्हणायच्या, "पुतण्या गुणाचा हाय तुमचा." बापू हसायचे. मला ते हसणं पाहून बरं वाटायचं. आपण केलं ते किती बेतशीर बसलं, असं वाटायचं.

दिनकर मात्र कमी बोलू लागले होते. वरून येणारे टोमणे बंद झाले. मी नकाशात चुकीची फांदी दाखवली तरी ते मुकाट्याने दुसरी धरायचे. त्यांची बायको आणि मुलगी एका रविवारी येणार होत्या, बाग बघायला, सहा-सात कोसांवरून. त्यांनी स्वतःच निरोप पाठवून त्यांना नको म्हणून सांगितलं. का, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. मुलीच्या तोंडून काही निघालं असतं तर?

एप्रिल लागल्यावर त्यांनी सुट्टी मागितली. चौदा तारखेला जयंती. गावातला मंडप दर वर्षी ते बांधायचे, बांबूची कमान, तिच्यावर निळ्या पताका. दोन दिवस हवे होते. मी कॅलेंडर पाहिलं. त्याच आठवड्यात छपराची मोठी तुळई चढवायची होती, भाड्याची कप्पी आणि चार गडी सांगून ठेवले होते. आणि आक्कांना सुट्टीचं कारण काय सांगायचं, हाही प्रश्न होताच. मी म्हटलं, "या वर्षी नाही जमणार. तुळई चढली की लगेच जा."

"तवर जयंती हुईल की."

"दिनकर, प्लीज."

ते थांबले. चौदा एप्रिलला सकाळी तुळई चढवायला घेतली. आक्का मुद्दाम बघायला आल्या होत्या, सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. सून शेजारी उभी. बापू खालून सूचना देत होते. दिनकर वीसेक फूट वर, एका फांदीला कंबर बांधून, तुळईचं टोक जागेवर ओढत होते. तेवढ्यात रस्त्यावरून टेम्पो आला. निळे झेंडे लावलेला, आत दहा-बारा जण, मंडपासाठी काहीतरी आणायला आजऱ्याला निघालेले. वेग कमी झाला. कुणीतरी झाडावरच्या माणसाला ओळखलं.

"ओ दिनकरदा! आज बी झाडावरच काय? मंडप तुझ्याबिगर उघडा पडलाय की!" आणि मग सगळ्यांनी मिळून, "जय भीम!"

दिनकरांनी टेम्पोकडे पाहिलं नाही. त्यांनी खाली, माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही, अशी. थोडीशीच. आक्कांना दिसणार नाही, पण त्यांना दिसेल एवढी.

ओसरीत बोलले ते ओघात गेलं, असं मी स्वतःला आजही सांगू शकते. ही मान हलवणं ओघात नव्हतं. त्यात सगळं होतं: मला काय हवं आहे, त्यांनी काय व्हावं, काय गिळावं. इतक्या वर्षांत त्या एका हालचालीला मला दुसरा अर्थ सापडलेला नाही.

दिनकरांनी एक हात मोकळा केला, रस्त्याकडे वळले आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असे ओरडले, "जय भीम! येतो! सांजच्याला येतो म्हणावं!"

टेम्पो गेला. आक्का म्हणाल्या, "काय म्हणाला त्यो?" दिनकरांनी तुळई जागेवर बसवली, टायरचा तुकडा सरकवला, दोराला दोन गाठी मारल्या, हलवून पाहिली. घाई केली नाही. मग खाली उतरले, आक्कांसमोर येऊन उभे राहिले.

"आक्का, मी दिनकर यशवंत कांबळे. नेसरीचा. बापू माजं काका न्हाईत."

आक्कांनी बापूंकडे पाहिलं, बापूंनी जमिनीकडे. "मग ह्या पोरीनं सुतार कशापायी सांगितलं?"

"ते त्यास्नी इचारा."

त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "आक्का, मला वाटलं, तुम्हाला…"

"मला काय?"

"चालणार नाही."

आक्कांच्या पायाशी एक बोंड पडलं होतं, त्यावर मुंग्या लागल्या होत्या. मी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्या म्हणाल्या, "मला चाललं असतं का न्हाय, ते मलाच ठावं न्हाय बघ. कुणी कवा इचारलंच न्हाय. आनि तू तर माझं उत्तर बी सोताच देऊन मोकळी झालीस." त्यांचा आवाज चढला. "दीड म्हैना मी त्येला लेकागत हाक मारली, ग! ती हाक बी खोट्या माणसाला मारायला लावलीस."

मग दिनकरांकडे वळल्या. "हात धू. जेवाय बस."

"न्हाय आक्का. आज गावाकडं जेवण हाय." दिनकरांनी दोर गुंडाळून खांद्यावर टाकला आणि रस्त्याला लागले. एस.टी.ची वेळ नव्हती. चालतच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर हजर होते. चहाच्या वेळी सुनेने बापूंच्या हातात कप दिला, माझ्या हातात दिला. दिनकरांचा दगडावर ठेवला. कप तोच होता, रोजचाच. हातात द्यायचा राहिला की दिला नाही, मला सांगता येणार नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. दिनकरांनी तो तिथून उचलला आणि प्यायले. आक्का त्या दिवशीपासून त्यांना "दिनकर" म्हणू लागल्या. दिनू नाही. भात तसाच वाढायच्या, पण आणखी घे म्हणायच्या नाहीत. की म्हणायला लाजायच्या, कोण जाणे.

एका संध्याकाळी बापू अवजारं पुसता पुसता माझ्याशी बोलले. "ताई, तुमी सांगितलं, मी गप बसलो. त्येला पुतण्या म्हणून घ्यायला मला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं. पर पाच वर्सं झाली, त्याच्या घरचा च्या मी प्यालो न्हाय. त्यो बोलावतोय, आनि मी आज नगं, उद्या येतो म्हणतोय."

मीसुद्धा गेले नव्हते.

घर वेळेत झालं. देखणं झालं. पुण्याहून नातवंडं आली, शिडीवरून धावत वर गेली, कैऱ्या तोडून खाली फेकू लागली. भावाने फोटो काढले. माहितीपत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत ते घर पहिल्या पानावर होतं, खाली माझं नाव होतं. दिनकरांनी शेवटच्या दिवशी दोर, कप्प्या, कोयते शेडमध्ये आणून ठेवले, एकेक मोजून दाखवले, आणि म्हणाले, "फुडल्या कामाला दुसरं कोन तरी बघा मॅडम."

"का?" मी विचारलं. विचारायची हिंमत कुठून आली देव जाणे.

त्यांनी थोडा विचार केला. "झाडावर चढताना खालचा मानूस आपला लागतोय," ते म्हणाले, आणि गेले.

त्यांच्याशिवाय आम्ही तीन-चार घरं बांधली. एकाची जमीन पहिल्याच वर्षी कलली, एका फणसाला पट्टी आवळून बसली आणि फांदी वाळली. भावाने हळूहळू ते काम बंद केलं. मी दुसरीकडे नोकरी धरली, लग्न झालं, सोसायट्यांच्या जिन्यांचे नकाशे काढू लागले. माफी मागायची, असं दर वर्षी या दिवसांत मनात यायचं. पत्र लिहायला बसायचे. पत्रात माझीच बाजू यायची. फाडून टाकायचे.

सहा-सात वर्षांनी एकदा गडहिंग्लजला कामानिमित्त गेले होते. दुपारी काम संपलं आणि मी कोल्हापूरच्या गाडीऐवजी नेसरीच्या गाडीत बसले. स्टँडवर पानाच्या टपरीवाल्याला विचारलं, झाडावर घरं बांधणारे कांबळे कुठं राहतात?

"दिनकर मिस्त्री व्हय? आता तिकडं मळ्यात काम चाललंय. मोठं झाड दिसंल, तिथंच असत्याल."

मळ्यात वडाचं झाड होतं, रस्त्याच्या कडेलाच. त्यावर अर्धं झालेलं घर. दिनकर खाली उभे होते. केस पांढरे झाले होते. मला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"या मॅडम. कवा आलासा?"

"आत्ताच. तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"बोलू की. आदी ह्यो दोर धरा. गडी जेवाय गेल्यात, आनि फळी बांधून तयार हाय." त्यांनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "बुंध्याला येढा दिलाय, वजन येनार न्हाय. मी हाक दिली की वडायचं."

आमच्या कंपनीच्या एवढ्या वर्षांत मी दोराला एकदाही हात लावला नव्हता. काथ्या तळव्याला टोचत होता. ते वर चढून पानांत दिसेनासे झाले. मी तिथे उभी राहून वाक्यं जुळवली. रस्त्याच्या कडेला, दोर धरून, वर तोंड करून ती म्हणावी लागतील, असं मनातही आलं नव्हतं.

"दिनकर, त्या वेळी आक्कांकडं… मी तुमचं आडनाव…"

"आं? ऐकू येईना. मोठ्यानं!"

सायकलवरून जाणारा एक जण थांबून बघू लागला. मी पुन्हा सुरुवात केली. आवाज फुटला. शेवटी जेवढं ओरडता येईल तेवढंच उरलं.

"मी चुकले! तेव्हा मी फार चुकले!"

वरची हालचाल थांबली. पानांतून त्यांचं तोंड दिसलं. ते म्हणतील, "असू दे मॅडम, झालं गेलं." त्यावर रडायची माझी तयारी झालेली होती.

"व्हय," ते म्हणाले. "चुकलासा."

आणि थोड्या वेळाने, "वडा आता. दोर ढिला सोडू नगासा."

मी ओढला. फळी जमिनीवरून उचलली गेली, हेलकावली, आणि वर चढू लागली.